वेलीतला रस, छाटणी आणि खताची वेळ : वाचकांचे प्रश्न

द्राक्षवेलींची फळछाटणी जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे वळतो. छाटणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत वेलीत नेमके काय वर चढते, आणि ते कुठून येते? युरोप-अमेरिकेत हा प्रश्न वसंतात, वर्षातून एकदाच पडतो. आपल्याकडे वेल थंडीत पुरती झोपत नाही आणि आपण ती दोनदा छाटतो. एप्रिलची (नव्या काड्यांसाठीची) खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची (फळे धरण्यासाठीची) फळछाटणी, असे दोन वसंत आपणच तिच्यावर लादतो, आणि दोन्ही वेळा तिचा साठा रिकामा होतो. पुढचे सगळे हिशेब 9 × 5 फूट अंतराच्या, म्हणजे एकरी सुमारे 968 वेलींच्या बागेचे आहेत.

प्रश्न : फळछाटणी झाली की दोन-तीन दिवस काडीच्या टोकातून थेंब थेंब पाणी गळते. सकाळी तर बोदावर (वेलींच्या वरंब्यावर) ओल दिसते. वेलीची ताकद वाहून जाते, काप मेणाने बंद करा, असे शेजारचे सांगतात. खरेच किती नुकसान होते?
— निफाड तालुका, जि. नाशिक

उत्तर : नुकसान नगण्य आहे. मेण लावण्याची मजुरी मात्र नक्की वाया जाईल.

वेलीवर पाने असतात तेव्हा पाणी वर ओढण्याचे काम पाने करतात. जलवाहिन्यांत ताण असतो, म्हणून भर पानातली काडी दुपारी तोडली तरी तिच्यातून थेंब पडत नाही. पाने गेली की ही ओढ संपते, पण मुळे थांबत नाहीत. मुळांतल्या स्टार्चची साखर होते, ती आणि काही क्षार जलवाहिन्यांत सोडले जातात, त्यांच्यामागे जमिनीतले पाणी आत शिरते आणि खालून दाब तयार होतो. इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी छाटलेल्या वेलीच्या खुंटाला काचेच्या नळ्या जोडून हा दाब मोजला होता. 1727 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींप्रमाणे रस नळीत वीस फुटांहून वर चढला. जमीन ओली आणि उबदार असेल तर गळती वाढते. रात्री आणि पहाटे ती सर्वांत जास्त असते, म्हणून तुम्हाला ओल सकाळी दिसते.

या दाबाने वेलीचे भलेच होते. जलवाहिन्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे त्याने विरघळतात. काडीवरच्या डोळ्यांपर्यंत (जिथून नवी फूट निघते तिथपर्यंत) पाणी, थोडी साखर, अमिनो आम्ले आणि मुळांत तयार होणारी सायटोकायनिन ही संप्रेरके पोहोचतात.

आता गळालेल्या पाण्याचा हिशेब. या रसात लिटरला सगळे मिळून एक-दोन ग्रॅमच्या आसपास घन पदार्थ असतात, आणि त्यातलाही मोठा भाग साखर, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्ले यांचा. पोटॅशियम लिटरला 100 मिलिग्रॅम धरले आणि प्रत्येक वेलीतून तब्बल दोन लिटर गळाले असे मानले, तरी वेलीमागे 0.2 ग्रॅम आणि एकरी दोनशे ग्रॅमच्या आत. उलट, दहा टन द्राक्षे बागेबाहेर जातात तेव्हा सोबत 25 ते 30 किलो पोटॅशियम जाते.

गळतीचा खरा उपद्रव पेस्टिंगला, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांच्यावर औषध लावण्याला, होतो. हायड्रोजन सायनामाइड डोळ्यावर लावले आणि वरच्या कापातला थेंब त्याच डोळ्यावरून ओघळला, तर औषध पातळ होते किंवा धुऊन जाते. मग सर्वांत वरचे डोळे मागे राहतात आणि दोष औषधाच्या कंपनीला दिला जातो. म्हणून शेवटच्या डोळ्याच्या वर दीड-दोन सेंटिमीटर काडी ठेवा. काप तिरका घ्या आणि त्याचा उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. छाटणीच्या आदल्या दिवशी मोठे पाणी देऊ नका. वाफशावर छाटा, 24 ते 48 तासांत पेस्टिंग करा, ते पूर्ण वाळले की मग भरपूर पाणी द्या. 50 टक्के तीव्रतेचे औषध तापमान पाहून लिटरला 30 ते 40 मिली वापरतात. उकाडा जास्त असेल तर प्रमाण खालचे. थेंबाने धुतलेल्या डोळ्यांना लगेच पुन्हा लावता येते, पण डोळा फुगून पोंग्याकडे (कोवळ्या कोंबाकडे) निघाल्यावर लावलात तर तो जळेल. हातमोजे, चष्मा आणि मास्क लागतातच. हे काम करणाऱ्याने त्या आधी-नंतरच्या दिवसांत दारूला स्पर्शही करू नये. सायनामाइड आणि मद्य एकत्र आले की रक्तदाब घसरतो, छातीत धडधडते आणि माणूस दवाखान्यात जातो. मजुरांना हे कामाला लावण्याआधी सांगा.

जाड कापांवर बोर्डो (मोरचूद-चुन्याची) पेस्ट लावायची असेल तर गळती थांबल्यावर लावा. आणि एखाद्या वर्षी गळती झालीच नाही म्हणून घाबरू नका. जमीन कोरडी असेल, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : छाटणीच्या दिवशी ड्रिपमधून 12:61:0 हे नत्र-स्फुरदाचे खत तीन किलो आणि युरिया पाच किलो सोडला, चौथ्या दिवशी पुन्हा तेवढेच. तरी डोळे मागेपुढे फुटले, पाने पिवळसर आहेत, काही घड जिरले. खत कमी पडले का?
— तासगाव, जि. सांगली

उत्तर : खत पुरेसे होते, ते घ्यायला वेलीला तोंड नव्हते.

पेस्टिंगनंतर साधारण 8 ते 12 दिवसांत डोळे फुटतात, 18 ते 22 दिवसांत पाच-सहा पाने होतात. तोपर्यंत वेल जमिनीतून अन्नद्रव्य जवळजवळ उचलत नाही. पाने नाहीत म्हणून वर ओढ नाही, आणि नवी पांढरी मुळीही फुटींवर काही पाने आल्यावरच जोमाने चालते. कोवळे पान स्वतःच खाणारे असते; पूर्ण आकाराच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाढल्यावरच ते दुसऱ्याला साखर देऊ लागते. म्हणजे पहिल्या तीन आठवड्यांची साखर आणि नत्र दोन्ही जुन्या लाकडातून येतात. काडी, ओलांडा (तारेवरची आडवी फांदी), खोड आणि मुळे यांत साखर स्टार्चच्या रूपात असते. नत्र मुख्यतः आर्जिनिन आणि प्रथिनांच्या रूपात असते. ते मोडून ग्लुटामिनसारख्या अमिनो आम्लांच्या रूपात रसातून वर जाते. फुलोऱ्यापर्यंत हिरव्या भागात जमा झालेल्या नत्राचा मोठा वाटा या साठ्याचाच असतो.

तुमच्या युरियाचे काय झाले असेल? काही दिवसांत त्याचे नायट्रेट झाले आणि छाटणीनंतरच्या मोठ्या पाण्याबरोबर त्यातले बरेच बोदाखाली उतरले. जे उरले ते मुळी चालू झाल्यावर, विसाव्या ते तिसाव्या दिवसांच्या दरम्यान वेलीला एकदम मिळेल. तेव्हा शेंडे पळतील आणि घड उपाशी राहतील. कमतरता सुरुवातीला आणि अतिरेक नंतर, असा हा दुहेरी तोटा आहे. आता शेंड्यांवर लक्ष ठेवा. ते पळू लागले तर पुढचे नत्र थांबवा.

घड जिरण्याचे मूळही इथेच आहे. घडाचा गर्भ खरड छाटणीनंतर साधारण 35 ते 60 दिवसांत डोळ्यात तयार होतो, पण त्यातली एकेक फुले घडतात ती फळछाटणीनंतर डोळा फुटताना. त्या आठवड्यात साठा अपुरा असेल, आभाळ भरलेले असेल, बोदात पाणी साचून मुळ्या गुदमरल्या असतील, तर सायटोकायनिन कमी पडते, जिबरेलिन हे दुसरे संप्रेरक वरचढ होते आणि घडाचा ताणा (आधार धरणारा तंतू) होतो. पाऊस झालेल्या वर्षी म्हणूनच पहिले काम चर मोकळे करणे. 3 ते 5 पानांच्या अवस्थेत 6-बीए (सायटोकायनिन गटातले संप्रेरक) 10 पीपीएम फवारल्याने थोडी मदत होते, पण ज्याचा ताणा झाला तो परत घड होत नाही. या अवस्थेत लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारे औषध, मारण्याचा मोह निर्यातीच्या बागेत तरी टाळा. 2010 मध्ये याच अवशेषामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती. ते लाकडात रेंगाळून पुढच्या हंगामात रसाबरोबर वर येऊ शकते, त्यामुळे खरड छाटणीच्या हंगामातही हात आखडताच बरा.

साठा भरला आहे का, हे छाटणीआधी घरीच पाहता येते. फळछाटणीच्या महिनाभर आधी बागेतल्या वेगवेगळ्या ओळींतल्या वीसेक काड्या घ्या. चौथ्या-पाचव्या पेऱ्यावर ब्लेडने कागदासारख्या पातळ चकत्या काढा. औषध दुकानातले टिंक्चर आयोडीन चार-पाच पट पाणी घालून पातळ करा, त्यात चकत्या दोन मिनिटे ठेवून स्वच्छ पाण्यात बुडवून काढा. लाकडाचा सगळा पट्टा एकसारखा जांभळट काळा झाला तर स्टार्च भरपूर आहे. फिका, तुटक, एका बाजूला पांढरा दिसला तर साठा अपुरा. सालीचा तपकिरी रंग पाहून निर्णय घेणाऱ्यांची बऱ्याचदा फसगत होते, कारण साल पिकते त्या मानाने आत भरलेले असतेच असे नाही.

साठा अपुरा दिसला तर छाटणी आठ-दहा दिवस पुढे ढकला, नत्र बंद करा, शेंडे खुडा, आणि डाऊनी, भुरी, करपा या रोगांपासून असलेली पाने वाचवा. त्या दिवसांत पान टिकवणे हेच खत. छाटणीनंतर घडांची संख्या कमी धरा.

खताची सुरुवात पाच-सहा पानांवर करा. मध्यम जोमाच्या बागेत तेव्हापासून फुलोऱ्यापर्यंत आठवड्याला एकरी 3 ते 4 किलो युरिया, दोन हप्त्यांत विभागून, पुरेसा होतो. 12:61:0 देखील तेव्हाच.

प्रश्न : फळछाटणीआधी पाने हाताने ओरबाडून काढावीत की इथेफॉनने पानगळ करावी? मजुरी सोडली तर फरक काय?
— दिंडोरी, जि. नाशिक

उत्तर : फरक पानातल्या अन्नद्रव्यांचा आहे. पान पिवळे होऊन आपसूक गळते तेव्हा त्यातले नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅशियम) आणि काही मॅग्नेशियम रसवाहिन्यांतून, म्हणजे पानातले अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांतून, मागे काडीत जातात. हिरवे पान ओरबाडले की ते सगळे बोदावर पडते, आणि मजुराच्या हाताने डोळेही मोडतात. कॅल्शियम आणि लोह मात्र कोणत्याही पद्धतीत परत येत नाहीत, ते पानाबरोबरच जातात.

छाटणीआधी 8 ते 15 दिवस लेबलवरील मात्रेने फवारणी करून पाणी तोडले तर ही परतफेड बऱ्यापैकी होते. दोन गोष्टी बिघडतात. एक, जोमदार बागेत पाणी चालू ठेवून फवारणी केली की पाने हिरवीच राहतात आणि मग लोक मात्रा दुप्पट करतात. दुसरी, फवारणीनंतर पाऊस आला आणि छाटणी लांबली, तर टोकाचे डोळे आधीच फुटू लागतात. हवामान अंदाज पाहून फवारा.

प्रश्न : नव्या फुटींची पाने पिवळी, शिरा हिरव्या. फेरस सल्फेट एकरी दहा किलो दोनदा ड्रिपने दिले, काही फरक नाही. चुनखडीची जमीन आहे.
— बार्शी, जि. सोलापूर

उत्तर : नव्या पानात शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा, हे लोहाचे लक्षण तुम्ही बरोबर ओळखले आहे. जे अन्नद्रव्य रसवाहिन्यांतून पुन्हा हलवता येते, त्याची कमतरता जुन्या, बुडाच्या पानांवर दिसते, कारण वेल तिथून काढून शेंड्याला देते. नत्र, पालाश, स्फुरद, मॅग्नेशियम या गटातले. जे एकदा पोहोचले की हलत नाही, त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन हे त्यातले, आणि जस्ताचीही लहान, वाकडी पाने शेंड्याकडेच दिसतात. फोटो पाठवताना पान काडीवर कितवे आहे हे लिहिले तर निम्मे निदान तिथेच होते. दुर्दैवाने बहुतेक फोटो तोडलेल्या पानाचे असतात.

फेरस सल्फेट चुनखडीच्या जमिनीत पडले की लोहाचे अविद्राव्य रूप होते, मुळाला मिळत नाही. त्यात पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर मुळाशी सामू (पीएच) चढतो, आणि शोषलेले लोहही पानाच्या आत अडकून पडते. ईडीटीए चिलेट (लोह विद्राव्य धरून ठेवणारे संयुग) साधारण साडेसहाच्या वरच्या सामूला तग धरत नाही, त्यामुळे जमिनीतून ते देणे म्हणजे पैसे पाण्यात. तुमच्या जमिनीत ईडीडीएचए चिलेटच टिकते. ते महाग असते, म्हणून नवी मुळी चालू असताना, पाच-सहा पानांपासून पुढे, थोडे थोडे द्या. पिशवीवर ऑर्थो-ऑर्थो या टिकाऊ रूपाचे प्रमाण जास्त असलेले घ्या. तात्पुरता उपाय म्हणून फेरस सल्फेट लिटरला 2 ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल 1 ग्रॅम, सायंकाळी, आठ दिवसांनी पुन्हा. फवारलेले पान हिरवे होईल, त्यानंतर येणारे पान परत पिवळे येईल. हे अपयश नाही, लोह हलत नाही त्याचाच परिणाम. फुलोऱ्यात मात्र हा फवारा नको.

पाणी कमी करा. अति ओल्या चुनखडीत कार्बन डायऑक्साइड कोंडतो, बायकार्बोनेट वाढते आणि पिवळेपणा वाढतो. कधी कधी दोन दिवस ड्रिप बंद ठेवून जे साधते ते चिलेटच्या पुड्याने साधत नाही.

प्रश्न : जम्बो जातीत मणी तडकतात. पाणी उतरायला (मणी मऊ होऊन पिकायला) लागल्यापासून कॅल्शियम नायट्रेट एकरी पाच किलो, आठवड्यातून दोनदा देतो. वाढवू का?
— नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे

उत्तर : वाढवू नका. उलट थांबवा.

कॅल्शियम फक्त जलवाहिन्यांतून, म्हणजे पाण्याच्या ओढीबरोबर वर जाते. ज्या भागातून जास्त पाणी उडते तिथे जास्त कॅल्शियम. मोठे पान दिवसभर पाणी उडवते. मणी लहान असतानाच काय ते थोडेसे उडवतो, पुढे त्याच्या सालीवरची छिद्रे बुजतात आणि मेणाचा थर जाड होतो. पाणी उतरण्याच्या सुमारास मण्याकडे येणारा जलवाहिन्यांचा प्रवाह खूपच मंदावतो आणि मणी रसवाहिन्यांवर जगू लागतो. रसवाहिन्यांतून साखर येते, पोटॅशियम भरपूर येते, कॅल्शियम जवळजवळ येत नाही. म्हणजे तुम्ही देता ते कॅल्शियम पानांत जात आहे. शिवाय पाच किलो कॅल्शियम नायट्रेटमध्ये पाऊण किलोहून जास्त नत्र असते. आठवड्यातून दोनदा म्हणजे दीड किलो, तेही पिकण्याच्या काळात. त्याने साल मऊ राहते आणि शेंडे पुन्हा फुटतात.

कॅल्शियमचा काळ फुलोऱ्याच्या थोडे आधीपासून मणी 6 ते 8 मिमी होईपर्यंत. आपल्या बहुतेक काळ्या जमिनींत कॅल्शियम मुबलक असते. अडतो तो प्रवास: ढगाळ, दमट हवा, धुके, घडाभोवती पानांची गर्दी. म्हणून या काळात नको असलेल्या फेल फुटी काढा, घडाजवळची दोन-तीन पाने विरळ करा, घडावरून वारा खेळू द्या. नत्र आवरते ठेवा, कारण पळणारा शेंडा घडाच्या वाट्याचे कॅल्शियम ओढून नेतो. फवारणी करायची तर घड भिजेल अशी, याच काळात. पानावर पडलेले कॅल्शियम मण्यात जाणार नाही.

तडकण्याचे तात्कालिक कारण बहुधा पाणी असते. दोन दिवस ताण आणि तिसऱ्या दिवशी चार तास ड्रिप, किंवा अवकाळी सर. मणी फुगतो, साल मात्र ताणत नाही. रोज थोडे पाणी द्या.

आणखी एक. कॅल्शियम नायट्रेट 0:52:34, 12:61:0, 0:0:50 किंवा मॅग्नेशियम सल्फेटबरोबर एका टाकीत कालवू नका. स्फुरदाबरोबर कॅल्शियम फॉस्फेट आणि सल्फेटबरोबर जिप्सम तयार होते, ड्रिपरमध्ये पांढरा चोथा बसतो. दोन्हींमध्ये किमान एका दिवसाचे अंतर ठेवा.

प्रश्न : छाटणीनंतर गळणारे पाणी बाटलीत धरून तपासायला दिले तर वेलीत काय कमी आहे ते कळेल का?
— कवठेमहांकाळ, जि. सांगली

उत्तर : कल्पना चांगली आहे, उपयोग कमी. त्या पाण्यातले प्रमाण गळतीच्या वेगावर बदलते. पहाटेचे पातळ, दुपारचे दाट, पहिल्या थेंबांत कापलेल्या पेशींतला रस मिसळलेला. साखर आणि अमिनो आम्ले असल्याने काही तासांत त्यात जंतू वाढतात. मुख्य म्हणजे आकडा आला तरी तो कशाशी ताडायचा? आपल्याकडचे निकष देठाच्या वाळलेल्या वजनावर बसवलेले आहेत.

तेव्हा देठ परीक्षणच करा. खरड छाटणीनंतर 45 व्या दिवशी बुडाकडून पाचव्या पानाचा देठ, आणि फळछाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ. एका प्लॉटमधून, कडेच्या ओळी सोडून, 150 ते 200 देठ घ्या. पान लगेच वेगळे करा, नाहीतर देठातले अन्नद्रव्य पानात ओढले जाते. सकाळी घ्या, कागदी पिशवीत ठेवा, त्याआधी आठवडाभर अन्नद्रव्यांची फवारणी नको. पिवळ्या आणि हिरव्या वेलींचे नमुने वेगळे पाठवा; सगळे एकत्र केले की अहवालात सगळेच 'मध्यम' येते.

प्रश्न : आमच्या अंगणात एक वेल आहे. मार्चमध्ये छाटली तर आठवडाभर रडत होती. एप्रिलमध्ये थंडी परतली आणि बुडाच्या पानांच्या कडा पिवळ्या झाल्या. पोटॅश द्यावे का?
— सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : लगेच देऊ नका. तुमच्याकडे मुळाशी जमीन साधारण 7 ते 10 अंश सेल्सिअसपर्यंत तापली की रस चढू लागतो, मार्चमधला काप त्यातच सापडला, एवढेच. उशिरा छाटण्याचे फायदेच आहेत. डोळे थोडे उशिरा फुटतात, म्हणून उशिराच्या गोठवणाऱ्या थंडीतून वाचतात, आणि पावसाळी थंडीत कापातून शिरणाऱ्या युटायपा बुरशीचा धोकाही कमी राहतो.

उबदार आठवड्यानंतर थंड, ढगाळ दिवस आले की साठ्यातून आलेले नत्र पानाला पचत नाही आणि पानात प्युट्रेसिन नावाचे द्रव्य साचते. कडा पोटॅशियमच्या कमतरतेसारख्याच पिवळ्या होतात, देठात पोटॅशियम मात्र पुरेसे असते. ऊन आले की नवी पाने निरोगी येतात. फुलोऱ्यानंतर, फळे भरताना तीच लक्षणे वरच्या पानांकडे सरकली तर पोटॅशचा विचार करा.

प्रश्न : माल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संपतो. छाटणीची टोळी लगेच मिळते, म्हणून चार-पाच दिवसांत खरड छाटणी उरकतो. दोन वर्षांपासून फूट कमजोर आहे. विश्रांती किती दिवस द्यावी, आणि त्यात खत काय?
— पलूस, जि. सांगली

उत्तर : तुमच्या कमजोर फुटीचे कारण प्रश्नातच आहे. मणी पिकत असताना वेल साखर घडात ओतते, मुळांच्या वाट्याला फार थोडे येते. माल उतरल्यावर पहिल्यांदा पानांची साखर खाली जायला मोकळी होते. नेमक्या त्या वेळी पाने कापून टाकली तर खरडीनंतरची फूट रिकाम्या मुळांवर निघते. पहिली काही पाने लहान, पेरे आखूड, फुटी असमान.

15 ते 20 दिवस द्या. त्याहून लांबवण्यातही तोटा आहे, कारण घडनिर्मितीचा काळ छाटणीनंतर 35 ते 60 दिवसांचा. 5 एप्रिलला छाटलेल्या बागेत तो 10 मे ते 4 जून येतो, म्हणजे कडक उन्हात. 25 एप्रिलला छाटलेल्या बागेत तो मेअखेर ते 24 जून, मृगाच्या ढगांखाली, आणि मग डोळ्यात घडाऐवजी ताणे भरतात. तुमचा माल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संपतो, म्हणजे 5 ते 10 एप्रिल ही छाटणीची तारीख ठेवा.

विश्रांती म्हणजे पाणी तोडणे नव्हे. माल उतरल्यावर बागेकडे पाठ फिरवली जाते, आठवड्यात पाने करपतात आणि राहिलेले पंधरा दिवस नुसते कॅलेंडरवर राहतात. ड्रिप चालू ठेवा. भुरी असेल तर गंधकाची एक फवारणी करा, पण कडक उन्हात नको, पाने भाजतील.

खताचा हिशेब उचललेल्या मालावरून करा. टनामागे साधारण दीड ते दोन किलो नत्र आणि अडीच ते तीन किलो पोटॅशियम बागेबाहेर जाते. बारा टन निघाला असेल तर नत्र 18 ते 24 किलो. त्यातला साधारण तिसरा हिस्सा, 6 ते 8 किलो, विश्रांतीत द्या. युरियाच्या रूपात तो 13 ते 17 किलो होतो; माल संपल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चार हप्त्यांत, छाटणीआधी पाच दिवस संपेल असा. सोबत 0:0:50 पाच किलो आणि मॅग्नेशियम सल्फेट पाच किलो, एकेकदा. शेणखत आणि सुपर फॉस्फेटचे चर याच काळात घेता येतात, पण बोदाच्या एकाच बाजूला घ्या; दुसरी बाजू पुढच्या वर्षी. दोन्ही बाजूंच्या मुळ्या एकदम तोडल्या तर विश्रांतीचा उपयोग होणार नाही.

टोळी थांबत नसेल तर आधी उतरलेला प्लॉट त्यांना द्या, आणि ज्यात माल सर्वांत जास्त लागला होता तो शेवटी ठेवा.